जिन्याचा दिवा आणि तिसरा स्क्रू

१९७१ सालच्या नागपंचमीनंतरच्या रविवारी सकाळी संगमनेरातल्या आमच्या घरी विजेची दोन बटणं आली. किंमत दोन रुपये वीस पैसे. पैसे वडिलांनी दिले, पावती घेतली नाही. त्या वेळी हजर होते वडील, म्हणजे आमचे अण्णा, मी, वायरमन, आणि माजघराच्या दाराआड उभी असलेली माझी बायको. ती हजर होती असं कागदावर लिहिता आलं नसतं, कारण अण्णांसमोर ती बोलत नसे. पण पुढं जे झालं ते पाहता तिचं नाव पहिल्या ओळीत घालायला हवं होतं.

मी एका सहकारी संस्थेत हिशेबनीस होतो. अण्णा जकात नाक्यावरून निवृत्त झालेले. घर लहान: खाली दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि रस्त्याकडेला ओटा, वर एकच खोली. ओट्याच्या टोकापासून जिना निघायचा आणि मध्ये वळून वर जायचा. त्या वळणावर पंचवीस वॉटचा एक बल्ब होता. त्याचा उजेड वरच्या पायऱ्यांवर पडायचा, खालच्या पायऱ्यांवर पडायचा आणि उरलेला ओट्याच्या टोकावर. त्या टोकावर अण्णा बसत. बल्बचं बटण एकच होतं, तेही खाली, अण्णांच्या उजव्या हाताला.

मुलगी लग्न होऊन नाशकाला गेली तशी वरची खोली रिकामी झाली. हिनं तिथं शिवणक्लास काढला. मशीन तिचं स्वतःचं होतं. आठ मुली आल्या. दिवसा मुली घरी विड्या वळायच्या, म्हणून क्लास संध्याकाळी सहा ते आठ. आणि इथूनच दिव्याची अडचण सुरू झाली. मुली यायच्या तेव्हा उजेड असे. जायच्या तेव्हा जिन्यात काळोख, आणि बटण खाली. दर वेळी ही अंधारात चाचपडत खाली येऊन दिवा लावायची आणि मुली गेल्या की पुन्हा खाली येऊन विझवायची. म्हणून ठरलं की एक बटण खाली आणि एक वर बसवायचं.

आमच्या घरातली एक रीत इथं सांगायला हवी. सून सासऱ्याशी थेट बोलत नसे. भांडण होतं म्हणून नाही. आमच्याकडं पद्धतच तशी होती. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. हिला अण्णांना काही कळवायचं असलं तर ती मला सांगे, आणि मी घरात नसलो तर मांजराला, पण अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात. अण्णांना तिला काही सांगायचं असलं तर ते मला सांगत, आणि मी नसलो तर ओट्याच्या खांबाला. मी कामावर असताना आमचं मांजर आणि आमचा खांब यांच्यात बरीच बोलणी होत असावीत.

तर त्या रविवारी वायरमननं बटणं हातात घेऊन उलटीसुलटी करून पाहिली. काळ्या बॅकेलाइटची, गोल, फुगीर. मधून एक बोंड बाहेर आलेलं. बोंड खाली केलं की दिवा लागतो, वर केलं की विझतो.

"काका, ही साधी बटनं हायेत," तो म्हणाला. "वरनं लावायचा, खालनं इझवायचा, तर टू-वे बटन लागतं. त्याला तीन स्क्रू असत्यात."

"दिव्याला तारा किती?" अण्णांनी विचारलं.

"दोन."

"मग तिसरा स्क्रू कुणाच्या पोटाला?"

"त्येचं असं हाय काका, की त्यो मधला..."

"दुकानदारानं मला दोन्ही दाखवली. दिसायला जुळी भावंडं. एक एक रुपया दहा पैशाला, दुसरं एक रुपया पंच्याहत्तरला. पासष्ट पैसे नुसत्या एका स्क्रूचे? मी नाक्यावर तीस वर्षं काढली. कडब्याखाली दडवलेलं तूप मी वासावरून धरायचो. मला कुणी तिसरा स्क्रू विकू शकणार नाही."

वायरमन शेजारच्या अकोले तालुक्यातला, बोलका आणि स्वतःवर फार खूष असलेला गडी होता. एका टॉकीजची सगळी वायरिंग आपण एकट्यानं केली असं तो भेटेल त्याला सांगे. "आपल्याला काय," तो म्हणाला. "पार्टी म्हनंल तसं. बसवतो."

दुपारपर्यंत त्यानं दोन्ही बटणं एकाच तारेवर, एकापुढं एक अशी बसवली आणि समजावून सांगितलं, "दोन्ही बोंडं खाली असली की दिवा लागंल. कुनीबी एक वर केलं की इझंल."

मला ही मांडणी ऐकायला बरी वाटली. संस्थेच्या चेकवर अशाच दोन सह्या लागतात, अध्यक्षांची आणि खजिनदाराची. दोघांनी सही केली तर चेक वटतो. चेक अडवायला मात्र दोघांपैकी एकजण पुरतो. ही गोष्ट अण्णांच्या लक्षात पहिल्याच संध्याकाळी आली.

अण्णांचं वर्तमानपत्र दुपारच्या पुण्याच्या गाडीनं यायचं. अण्णा संध्याकाळी सहाला ते उघडत आणि, श्रावणातल्या ढगांनी ओट्यावर अंधारून यायचं म्हणून, जिन्याच्या उजेडात शेवटच्या पानावरच्या बाजारभावापर्यंत वाचत. वाचता वाचता वर जाणाऱ्या मुलींची तपासणी चाले.

"कोण गं? पिशवीत काय?"

"कापड, आजोबा."

"किती?"

"दीड वार."

"जा."

सातच्या सुमारास वाचून व्हायचं. अण्णा घडी घालत, बोंड वर करत आणि खांबाला म्हणत, "रिकाम्या जिन्याला दिवा कशाला?" आठ वाजता मुली निघायच्या. ही वरचं बोंड खाली, वर, खाली करून पाहायची. जिन्यात खटखट आवाज व्हायचा, उजेड व्हायचा नाही. खालची सही नव्हती.

"मने," ही मांजराला म्हणायची, "तुझं बरं आहे बाई. तुला अंधारात दिसतं. माणसांच्या लेकींना दिसत नाही."

"दिवे जाळायला हे काय रेल्वे स्टेशन आहे?" अण्णा खांबाला सांगायचे. आमच्या गावाला रेल्वे नव्हती, त्यामुळं खांबाला हे कितपत समजलं असेल कोण जाणे.

मी मध्ये पडून हिशेब मांडला. पंचवीस वॉटचा दिवा रोज दोन तास जळला तर एक युनिट व्हायला वीस दिवस लागतात. म्हणजे महिन्याला दीड युनिट. त्या वेळच्या दरानं हा खर्च अर्ध्या रुपयाच्याही आतला. अण्णांनी तो कागद नीट वाचला, बेरीज बरोबर असल्याचं मान्य केलं आणि म्हणाले, "प्रश्न पैशाचा नाही. प्रश्न रिकाम्या जिन्याचा आहे."

चारपाच दिवसांनी हिच्या लक्षात आलं की वरची सहीही सहीच असते. अण्णा नुकतेच बाजारभावावर आले होते आणि दिवा गेला. त्यांनी खालचं बोंड दोनदा हलवलं. काही नाही.

"अरे, लाईट गेली बघ!"

मी बाहेर आलो. समोरच्या घरात दिवा, शेजारी दिवा, कोपऱ्यावरच्या पानपट्टीत दिवा. वर पाहिलं तर ही खोलीच्या दारात उभी, गळ्यात टेप, एक हात बटणाजवळ, आणि चेहरा देवळात उभं राहिल्यासारखा. दिवा आला. अण्णांनी कांद्याचा भाव शोधला. दिवा गेला.

"मुलींनो," वरून स्पष्ट आवाज आला, "बाहीचं माप घेताना हात असा वर जातो आणि बटणाला लागतो. जपत जा हं."

आत मुली खुसुखुसु हसत होत्या. अण्णांनी खांबाकडं पाहिलं. खांब गप्प होता. त्या दिवशी कांद्याचा भाव त्यांना मला विचारावा लागला.

असं आठदहा दिवस चाललं. अण्णांनी खालून विझवायचं, हिनं वरून. मला खरं सांगायचं तर मजा येत होती. पण क्लासमध्ये दोघी सख्ख्या बहिणी होत्या. एका संध्याकाळी त्यांतली धाकटी वळणावरची पायरी चुकली आणि तिची नडगी सोलवटली. दुसऱ्या दिवशी दोघीही आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांच्या आईचा निरोप आला की पोरींना आता धाडत नाही. आठाच्या सहा झाल्या.

त्या रात्री जेवताना ही मला हळू आवाजात म्हणाली, "पाचच्या खाली गेल्या तर क्लास बंदच करावा लागेल. मग परत कुणी यायचं नाही. एकदा मोडलेल्या क्लासला कोण मुलगी पाठवतं?"

"दिवाळीपर्यंत थांब. दिवाळीला ब्लाऊजची कामं येतील."

"दिवाळीपर्यंत मुली राहायला तर हव्यात." तिनं ताटातली भाकरी तशीच ठेवली. "आयुष्यात पहिल्यांदा मी काही स्वतःचं मांडलं, तर ते पंचवीस वॉटवर अडकलं."

मग मी वायरमनला परत बोलावलं. मुद्दाम अण्णा न्हाव्याकडं गेले होते ती वेळ साधली. त्याला सांगितलं, कुणालाही दिवा लावता यावा असं कर.

"आसं म्हना की," तो म्हणाला. "मागल्या येळंला एकापुढं एक जोडली. आता बाजूबाजूला जोडतो. कुनीबी एक बोंड खाली केलं की दिवा लागनार. मी टाकीजमंदी..."

"टॉकीजचं नंतर सांग. अण्णा येतील."

संध्याकाळी सातला अण्णांनी वर्तमानपत्राची घडी घातली आणि बोंड वर केलं. दिवा जळतच होता. त्यांनी खाली केलं, वर केलं. दिव्यावर काही परिणाम नाही. त्यांनी बोंड सावकाश सरकवून पाहिलं. मग मधोमध धरून ठेवायचा प्रयत्न केला. ते काही मध्ये राहीना. बोट काढलं की टक्‌ करून एका बाजूला पडायचं.

"हे बटण नादुरुस्त आहे," त्यांनी जाहीर केलं.

घरात एक जुनं, काढून ठेवलेलं बटण होतं. ते मी जुन्या वर्तमानपत्रावर ठेवून त्यांच्यासमोर उघडलं. टोपण फिरवून काढलं की आत पांढरी चिनी मातीची बैठक, पितळेच्या दोन पट्ट्या, पितळेचाच एक छोटा तुकडा आणि एक स्प्रिंग. आपण बोंड ढकलतो तेव्हा आधी काहीच होत नाही, नुसती स्प्रिंग दाबली जाते. बोंड मधल्या रेघेच्या पलीकडं गेलं की दाबलेली स्प्रिंग एकदम सुटते आणि पितळेच्या तुकड्याला पलीकडं फेकते. बोट कितीही सावकाश चाललं तरी आतला तुकडा उडीच मारतो. हे मुद्दाम तसं केलेलं असतं. पितळ पितळापासून हळूहळू दूर गेलं तर मधल्या फटीत ठिणगी जळत राहते आणि पट्ट्या करपतात. म्हणून याला अर्धवट काही जमत नाही. लागला तर लागला, नाहीतर सुटला.

अण्णांनी ते बोंड बराच वेळ खेळवलं. टक्‌. टक्‌. "माझ्या नाक्यावर असा एक कारकून पाहिजे होता," ते म्हणाले. "माझे सगळे मधेच थांबायचे."

त्या दिवसांत मलाही जिथं तिथं बटणं दिसू लागली. एस.टी.च्या ड्रायव्हरसमोर दिव्यांसाठी ओळीनं लहान धातूची बोंडं असत. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर तर डबाभर पडलेली असत. पिठाच्या गिरणीत मात्र मोठा लोखंडी डबा आणि त्याला हातभर दांडा, कारण मोटरीला लागणारा प्रवाह जास्त, ठिणगीही मोठी. आणि गणपतीत लाऊडस्पीकरवाल्याच्या यंत्रावर पाहिलं तर तिथं सगळं उलटं: बोंड वर केलं की चालू. घरातल्या सवयीनं आमच्या गल्लीतल्या अध्यक्षांनी भाषणाआधी बोंड खाली केलं आणि पाऊण भाषण बंद माइकसमोर केलं. नंतर कुणीतरी चूक दुरुस्त केली. लोकांना तो उपकार वाटला नाही.

अण्णांना बटण समजलं, पण दिवा विझेना. वरचं बोंड खाली असेपर्यंत खालून कितीही टक्‌ टक्‌ केलं तरी उपयोग नव्हता. शेवटी ते उठले, धोतर सावरलं आणि गुडघ्यावर हात ठेवत पायरी पायरी वर गेले. वरचं बटण खोलीच्या दाराच्या आत होतं. आत सहा मुली, समोर सून. अण्णा दारात उभे राहून खाकरले. सगळ्या मुली मान खाली घालून भराभर शिवू लागल्या. अण्णांनी हात आत घातला, बोंड वर केलं आणि अंधारात परत खाली आले. ओट्यावर टेकतात न टेकतात तोच दिवा लागला.

ते परत वर गेले. पुन्हा खाकरले. पुन्हा खाली आले. पुन्हा लागला. कोणती मुलगी लावत होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. हिला कळलं असणार, पण तिनं सांगितलं नाही.

तिसऱ्या खेपेला अण्णा वळणावरच थांबले. टाचा उंचावून हात वर केला आणि लगेच झटक्यानं मागं घेतला, बल्ब तापलेला होता. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, तिच्यात बल्ब धरला, दाबून फिरवला आणि काढून घेतला. अण्णांना बोडक्या डोक्यानं गल्लीच्या दिशेला तोंड करून उभं राहिलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. टोपीत बल्ब घेऊन ते आत गेले आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी नवा बल्ब आणला. संध्याकाळी तोही ट्रंकेत गेला. मी तिसरा आणला नाही. ट्रंक मोठी होती.

हिनं वळणावर कंदील टांगला. कंदिलाची काजळी एका मुलीच्या पांढऱ्या पोलक्याच्या कापडाला लागली. आणि गुरुवारी संध्याकाळी, मुली वर असताना, एकीची आई आली. ठसठशीत, मोठ्या आवाजाची बाई. ओट्यापाशी उभी राहून तिनं वर हाक मारली, "बाई! जरा खाली या वो!"

ही खाली आली. अण्णा ओट्यावर, मी दारात.

"बाई, मी आमच्या गल्लीतल्या चौघींच्या वतीनं आलेय," ती म्हणाली. "सोमवारपासून आमच्या पोरी यायच्या न्हाईत. तुमचं शिकवनं लई चांगलं, त्येला नाव न्हाई. पन वर जायचं म्हंजी हिरीत उतरल्यावानी काळोख. एक पोर पडली. उंद्या दुसरी पडंल. मग तिचं लगीन कोन जमवील?"

चौघी गेल्या असत्या तर दोन उरल्या असत्या. मला वाटलं, आता माझ्याकडं बघेल. किंवा मांजर शोधेल. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला, सरळ ओट्याशी गेली आणि म्हणाली,

"मामंजी, बल्ब द्या."

अण्णांनी आधी खांबाकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"ही बोलली?"

"हो."

"माझ्याशी?"

"मांजर इथं नाही, अण्णा."

"मी तुमच्याशीच बोलतेय," ही म्हणाली. "रिकाम्या जिन्याला दिवा नको हे तुमचं खरं आहे. पण जिना रिकामा आहे की मुली निघाल्यात, हे तुम्हाला ओट्यावरून दिसत नाही. ते वरून दिसतं. आणि तुमचं वाचून झालं की नाही हे मला वरून दिसत नाही. ते तुम्हालाच ठाऊक. मग एकानं लावायचं आणि दुसऱ्याला विझवताच येऊ नये, हे कसं चालेल? मीही तुमचा दिवा मुद्दाम घालवला. कांद्याच्या भावाच्या वेळी."

"ते मला माहीत आहे," अण्णा म्हणाले. "पण हे तू आधीच का नाही सांगितलंस?"

"कुणाला? खांबाला?"

ती बाई पदर तोंडाला लावून हसली. वरच्या पायऱ्यांवरूनही हसू आलं, म्हणजे मुली दाराशी येऊन ऐकत होत्या. अण्णा उठले, आत गेले. ट्रंकेचा आवाज झाला. दोन्ही हातांत दोन बल्ब घेऊन ते बाहेर आले.

"एक जास्तीचा आहे," ते हिला म्हणाले. तेही थेट तिलाच.

मग त्या बाईकडं वळून, "ताई, सोमवारी पोरींना पाठव. कुणी पडलं तर माझ्याकडं ये."

"पडल्यावर तुमच्याकडं यिऊन काय करू, बाबा? दिवा ठिवा म्हंजी झालं."

"ठेवतो."

"व्हय ना? मग धाडते." तिनं वर पाहून हाक दिली, "ए पोरी, सोमवारी यायचं हाय गं!" आणि ती गेली.

शनिवारी तिसऱ्यांदा वायरमन आला. या वेळी टू-वे बटणं ही स्वतः बाजारात जाऊन घेऊन आली होती. पण अण्णांनी अट घातली की तिसरा स्क्रू काय करतो ते आधी दाखवायचं, मग बसवायचं. वायरमननं सांगायला सुरुवात केली. "ह्ये बगा, ह्यो मधला कॉमन, ह्यो वरला, ह्यो खालला. आता ह्या बटनाचा कॉमन गेला दिव्याला, त्या बटनाचा कॉमन गेला मेनला, आन्‌ ह्ये दोन..." त्याचं त्यालाच कुठवर आलो ते कळेना. त्यानं पहिल्यापासून सुरुवात केली आणि पुन्हा त्याच जागी अडकला.

ही आता बोलायला लागलीच होती. तिनं क्लासमधून दोन रंगांचे दोरे आणले, दोन्ही बटणं ओट्यावर हातभर अंतरावर ठेवली आणि मधल्या स्क्रूशिवायचे दोन-दोन स्क्रू लाल आणि निळ्या दोऱ्यानं एकमेकांना जोडले.

"मामंजी, हे दोन फाटे धरा. मधे दोन रस्ते, लाल आणि निळा. या बाजूच्या बोंडानं गाडी लाल रस्त्यावर घालायची की निळ्या, ते ठरतं. त्या बाजूच्या बोंडानं कोणत्या रस्त्यावरची गाडी आत घ्यायची ते ठरतं. दोघांनी एकच रस्ता धरला तर गाडी दिव्याला पोचते. वेगवेगळे धरले तर नाही."

अण्णांनी एक बोंड हलवलं. "आता?"

"आता माझ्याकडं लाल, तुमच्याकडं निळा. अंधार."

"आणि मी हे परत हलवलं?"

"दोघं लालवर. उजेड."

"किंवा तू तुझं हलवलंस?"

"दोघं निळ्यावर. तरी उजेडच."

अण्णांनी लाल दोरा बोटानं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला. "म्हणजे हे बटण काहीच बंद करत नाही. नुसता रस्ता बदलतं."

"तेच तर मी सांगत व्हतो," वायरमन म्हणाला.

बटणं बसली. आता खालून कुणीही लावावा, वरून कुणीही विझवावा, किंवा उलट. दिवा कोणाच्याच हट्टानं अडत नव्हता. अण्णांना एकच गोष्ट जड गेली. आयुष्यभर बोंड वर म्हणजे बंद हे ठरलेलं; आता बोंडाकडं पाहून काहीच कळत नव्हतं. पहिल्या दिवशी दिवा विझवल्यावर त्यांनी बोंड होतं त्या बाजूला भिंतीवर गेरूचा ठिपका लावला, म्हणजे ही बाजू बंदची. तासाभरात हिनं वरचं बोंड हलवलं आणि ठिपका खोटा ठरला. त्यांनी तो पुसून दुसऱ्या बाजूला लावला. संध्याकाळी तोही खोटा. दोन दिवसांत आमची भिंत गोवर आल्यासारखी दिसू लागली. मग त्यांनी ठिपके सोडले आणि विचारायला सुरुवात केली.

"सूनबाई! तुझं बोंड वर की खाली?"

"खाली, मामंजी!"

"माझंही खाली. मग दिवा का नाही?"

"लाईट गेलीय, मामंजी. सगळ्या गल्लीत अंधार आहे."

"असं होय. मग राहू दे."

अशी बोलणी रोज होऊ लागली. बटणावरून भाजीवर गेली, भाजीवरून पाहुण्यांवर. मला आता घरात निरोप्याचं काम राहिलं नाही. मांजरालाही नाही.

दोघी बहिणींपैकी थोरली परत आली, धाकटी नाही. तिच्या नडगीवर अजून खपली होती, आणि नंतर तिला तिच्या मामानं नेवाशाला नेलं. म्हणजे दिवाळीला क्लासमध्ये सात मुली होत्या. ब्लाऊजची इतकी कामं आली की हिनं वसुबारसेपासून मशीन बंदच केलं नाही, आणि जिन्यातला दिवा रोज साडेनऊपर्यंत जळला. अण्णा तोपर्यंत ओट्यावर बसून येणाऱ्या बायकांच्या पिशव्या तपासत आणि त्यांना वर सोडत.

वायरमनला तिन्ही वेळची मिळून सहा रुपये मजुरी मी दिली. त्यानं आठ मागितले होते. पहिल्या दोन वेळा त्यानं सांगितलेलं केलं होतं, म्हणून मी फार ताणलं नाही. टू-वे बटणांचे साडेतीन रुपये हिनं क्लासच्या फीमधून दुकानदाराला आधीच दिले होते. आधीची दोन साधी बटणं अण्णा परत करायला गेले. वापरलेला माल म्हणून दुकानदारानं घेतली नाहीत. पाडव्याच्या दिवशी अण्णांनी हिला ओट्यावर बोलावलं, कोटाच्या खिशातून सुटे पैसे काढले आणि एक रुपया पंच्याहत्तर पैसे मोजून तिच्या हातावर ठेवले.

"खालच्या बटणाचे," ते म्हणाले. "वरचं तुझं आहे. त्याचे मी का देऊ?"